मालकाच्या जबाबदारीवर

गेल्या जुलैतली गोष्ट. संध्याकाळी साडेपाचला मुलीचा फोन आला. प्रॅक्टिकल आटोपून ती स्कूटरपाशी गेली तर पुढच्या चाकात हवाच नव्हती. पंक्चर नव्हतं. व्हॉल्व्हचं टोपण चाकाशेजारी चिखलात पडलं होतं. तिच्या रांगेतल्या आणखी सात-आठ गाड्यांची तीच गत. आखलेल्या पट्ट्याबाहेर गाड्या लागल्या म्हणून महाविद्यालयाने हवा सोडायला लावली होती. पट्टा चुन्याचा होता. रत्नागिरीच्या जुलैत चुन्याचा पट्टा किती दिवस दिसतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. मुलीने वॉचमनना विचारलं, "काका, हवा कुणी सोडली?" ते खाली बघून म्हणाले, "वरून सांगितलंय बाय. मी तरी काय करू?"

पंपवाला किलोमीटरभर लांब, तोही चढावर. भर पावसात तिने स्कूटर ढकलत नेली. भाट्याच्या पुलावर आली तेव्हा काळोख पडला होता, आणि पावसच्या पुढे आमच्या घरी पोचली तेव्हा पावणेआठ. माझी बायको तोवर तीनदा बसस्टॉपपर्यंत जाऊन आली होती. महाविद्यालयाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण हा लेख वाचताना शहरातल्या निम्म्या पालकांना तो आपल्याच मुलांच्या महाविद्यालयावर लिहिल्यासारखा वाटेल.

पुढच्या पालक सभेत मी हा विषय काढला. मिळालेली उत्तरं नवी नव्हती. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, एसटीच्या रांगेत ती मी कैक वेळा ऐकली आहेत. पार्किंग ही सवलत आहे, हक्क नव्हे. पोरांना गाड्या देता कशाला? जागा कुठून आणायची? महाविद्यालयाच्या मूल्यांकनाला येणाऱ्या नॅकवाल्यांना आवारात गाड्या चालत नाहीत. आणि शेवटी, सगळे गप्प बसावेत म्हणून, एक सद्गृहस्थ उठून म्हणाले, "अहो, अण्णासाहेब कर्वे मुरूडहून साताऱ्याला चालत गेले होते परीक्षेला!" सभेत टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांमुळे हा लेख लिहायला बसलो.

कर्व्यांचं नाव निघालं की आम्हा कोकणातल्या माणसांची मान लवते. म्हणूनच ते नाव मुलांची तोंडं बंद करायला वापरलेलं मला सहन होत नाही. गोष्ट खरी आहे. दापोलीजवळच्या मुरूडचा हा मुलगा सह्याद्री ओलांडून सुमारे ११० मैल पायी साताऱ्याला गेला. तिथे पोचल्यावर काय झालं, ते मात्र त्या सद्गृहस्थांनी सांगितलं नाही. वय लहान दिसतं या कारणावरून कर्व्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. एवढं चालून आलेला पोरगा दारातून परत गेला. त्या अनुभवाचं कर्व्यांनी पुढे काय केलं? ‘मी चाललो, तुम्हीही चाला’ असं त्यांनी कुणाला सुनावलं नाही. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या गावात शाळा नव्हती तिथे शाळा नेण्यासाठी. ज्याने स्वतः पायपीट केली त्याने म्हातारपणी शाळाच मुलांच्या दारात नेऊन ठेवली. कर्व्यांचं नाव घ्यायचं तर ते या बाजूने घ्यावं लागेल.

आता ‘गाड्या देता कशाला’ या प्रश्नाकडे वळतो. तो विचारणारा माणूस बहुधा मारुती मंदिराच्या आसपास राहणारा असतो. त्याच्या दारातून रिक्षा मिळते, शहर बस मिळते, आणि वेळ पडली तर पोरगं चालत जातं. पण रत्नागिरीतल्या महाविद्यालयांत फक्त शहरातली मुलं शिकत नाहीत. पावस, गोळप, फणसोप, कोतवडे, मालगुंड, चांदेराई, हरचेरी, पाली इथून मुलं येतात. काही त्याही पलीकडच्या, जिथे एसटी दिवसातून दोनदाच वळते अशा वाड्यांतून येतात. त्यांच्या घरात स्कूटर आली ती हौसेने नाही. कशी आली, तो काळ मला नीट आठवतो.

करोनानंतर राज्यातली महाविद्यालयं २० ऑक्टोबर २०२१ ला उघडली. तो महिना सरायच्या आत एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. संप करणाऱ्यांची मागणी रास्त होती की नव्हती, हा आजचा विषय नाही. तो संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला आणि जवळजवळ सहा महिने खेड्यातल्या मुलांना महाविद्यालयात पोचवणारं वाहनच रस्त्यावर नव्हतं, एवढंच इथे सांगायचं आहे. वर्ग भरत होते, हजेरी लागत होती, परीक्षा जाहीर होत होत्या. त्या वर्षी आमच्या वाडीत चार घरांनी हप्त्यावर स्कूटर घेतल्या. त्यातल्या एकाने त्यासाठी हापूसची कलमं दोन वर्षांच्या खंडाने देऊन टाकली. दोन वर्षं तो आपल्याच बागेतल्या आंब्याकडे बघत राहिला. त्याच्या मुलीच्या गाडीला कुणी चैन म्हटलं की माझा राग अनावर होतो.

मुलींची अडचण तर आणखी वेगळी आहे. अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. ही योजना फार मोलाची आहे. आमच्या भागातल्या कितीतरी मुली तिच्या आधारावर बारावीपर्यंत शिकल्या. पण मुलगी एफवायला आली की मोफत पास संपतो आणि तिला सवलतीचा पास काढावा लागतो. त्यात भाड्याचा एक तृतीयांश हिस्सा भरायचा असतो. हेही मान्य, तेवढं परवडतं. पण पास हातात आहे आणि वेळेला गाडी नाही, तर त्या पासाचं करायचं काय? प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं. आमच्याकडची गाडी त्याआधीच स्टँड सोडून गेलेली असते आणि पुढची येईपर्यंत दिवेलागण होते. गाडीतून उतरल्यावर मुख्य रस्त्यापासून वाडीपर्यंतची पायवाट पुन्हा वेगळी. अठरा पूर्ण झाले, लायसन्स निघालं आणि बापाने हप्ता काढला, त्याच वर्षी मोफत पास संपलेला असतो. एका मुलीचं शिक्षण चालू राहणार की बारावीवर थांबणार, हे त्या एका वर्षात ठरतं. तिथे स्कूटर ही तिची वाट असते.

नव्या शैक्षणिक धोरणाने वेळापत्रकही मोडून टाकलं आहे. पूर्वी सकाळी साडेसातला गेलेलं पोर साडेबाराला मोकळं होत असे. आता मुख्य विषय, गौण विषय, कौशल्याचा विषय, मूल्यशिक्षणाचा विषय असे तास दिवसभर विखुरलेले असतात. मधले दोन तास रिकामे, मग पुन्हा एक तास. शिवाय ऑन जॉब ट्रेनिंग, ज्याला मुलं ओजेटी म्हणतात. त्यासाठी महाविद्यालयच मुलांना मिरजोळ्याच्या एमआयडीसीत नाहीतर कुठल्या तरी कार्यालयात पाठवतं. सकाळी वर्ग, दुपारी एमआयडीसी, संध्याकाळी गाव. हा त्रिकोण शहर बस आणि एसटीवर सांभाळून दाखवा, असं मी कुणालाही सांगतो. एक गाडी चुकली की एक तास बुडतो, आणि पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही की नाव काळ्या यादीत लागतं. मुलांना वेळेवर या म्हणणारी, पाच मिनिटं उशीर झाला तर दार लावून घेणारी संस्था मुलं येतात कशी, एवढं विचारतही नाही. हजेरी हवी असेल तर येण्याची सोय हा महाविद्यालयाच्या कामाचाच भाग ठरतो. ‘सवलत आहे, हक्क नव्हे’ हे म्हणणं मला तिथेच अमान्य आहे.

ते कायद्यातही टिकत नाही. २०२० च्या डिसेंबरपासून मुंबई आणि काही मोजके भाग वगळता राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. रत्नागिरी नगरपरिषदेच्या हद्दीतही तीच. त्या नियमावलीत इमारतींच्या प्रकारांप्रमाणे वाहनतळाचं कोष्टक दिलेलं आहे आणि शैक्षणिक इमारती त्यात आहेत. चारचाकी किती, दुचाकी किती, हे क्षेत्रफळावरून ठरतं. नवी इमारत, वाढीव मजला, नवा विभाग यांचे नकाशे मंजूर होताना वाहनतळ दाखवावाच लागतो. बांधकाम परवानगी मिळवताना जी अट मान्य केली, ती मुलांसमोर उपकार कशी होते?

जागा नाही म्हणता, तर त्याच नियमावलीतली मापं घ्या. एका मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. स्कूटरला एक मीटर बाय दोन मीटर, म्हणजे दोन चौरस मीटर. एका मोटारीच्या जागेत सहा स्कूटर बसतात. मी सभेच्या दिवशी आवारात उभा राहून पाहिलं. पोर्चसमोर आणि पत्र्याच्या शेडखाली कर्मचाऱ्यांच्या मोटारी सावलीत, फरसबंदीवर उभ्या होत्या. मुलांच्या गाड्यांना मिळालं होतं मैदानाचं एक टोक, तेही उघडं. जून ते सप्टेंबर तिथे लाल चिखल होतो. साइड स्टँड चिखलात रुततो आणि एक गाडी कलंडली की रांगच्या रांग आडवी होते. म्हणून मुलं येताना पिशवीत जांभ्याच्या चिऱ्याचा चपटा तुकडा घेऊन येतात आणि स्टँडखाली ठेवतात. माझ्या मुलीच्या डिकीत असा एक तुकडा कायम असतो. चार वर्षांपूर्वी कुणा सीनियरने दिलेला, हातोहात तिच्यापर्यंत आलेला. ज्या संस्थेत स्टँडखाली ठेवायचा दगड मुलं एकमेकांना वारसा म्हणून देतात, तिथे पार्किंगचं शुल्क नेमकं कशाचं घेतात?

शुल्क घेतात, हे सांगायचं राहिलं. सहामाहीला दोनशे रुपये. त्याची गुलाबी पावती मिळते आणि गाडीला चिकटवायचा स्टिकर. पावतीच्या मागे रबरी शिक्का असतो: ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर. चोरी अथवा नुकसानीस संस्था जबाबदार नाही.’ एका वर्षात मुलीच्या गाडीतलं पेट्रोल दोनदा काढलं गेलं आणि हेल्मेट एकदा गेलं. कार्यालयात तक्रार केली तेव्हा तो शिक्का दाखवला गेला. मग पैसे कशाचे, असं विचारलं तर उत्तर आलं, "जागा वापरल्याचे." जागा उघडी, चिखलाची, राखण नसलेली; आणि तिचं भाडं द्यायचं विद्यार्थ्याने.

या शिक्क्यावर मला नीट बोलायचं आहे, कारण तो दाखवला की साधा पालक गप्प होतो. छापलेलं असलं की ते कायद्यासारखंच आहे असं आपल्याला वाटतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात, कलम १४८ पासून पुढे, दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याची कर्तव्यं सांगितली आहेत. कलम १५१ म्हणतं की शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी त्याने घेतली पाहिजे. १९९८ मध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एका पाहुण्याने मारुती झेन पार्क करायला हॉटेलच्या माणसाकडे दिली आणि ती चोरीला गेली. टोकनवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असंच छापलेलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये निकाल लागला की अशी ओळ छापून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी झटकता येणार नाही.

तिथे गाडीची चावी हॉटेलकडे होती आणि आमच्या मुलांची चावी त्यांच्याच खिशात असते, हा फरक मोठा आहे आणि मी तो लपवत नाही. कुणी वकील सांगेल की तुम्ही नुसती जागा भाड्याने घेतलीत, वस्तू सांभाळायला दिली नाहीत. ठीक. पण मग महाविद्यालयाने तसंच वागावं. प्रत्यक्षात स्टिकर नसेल तर गाडी आत घेत नाहीत. आत आलेली गाडी तास संपण्याआधी फाटकाबाहेर सोडत नाहीत. कुठे लावायची ते सांगतात. चुकीची लागली तर साखळी घालतात, दंड घेतात, हवा सोडतात. एवढा सगळा ताबा गाजवायचा आणि जबाबदारीची वेळ आली की ‘आम्ही फक्त जागा दिली’ म्हणायचं, या दोन गोष्टी एका तोंडाने बोलता येणार नाहीत. अधिकार घेतलात तर भारही घ्या.

हवा सोडण्याबद्दल तर बोलायलाच नको होतं, इतकं ते उघड आहे. पण सभेत एका प्राध्यापकांनी त्याला ‘शिस्तीचा भाग’ म्हटलं, म्हणून बोलतो. रस्त्यावर चुकीची गाडी लावली तर पोलीससुद्धा चलन फाडतात. डिसेंबर २०२१ पासून आपल्या राज्यात त्याचा दंड पहिल्या वेळी पाचशे आणि पुन्हा केलं तर पंधराशे रुपये आहे. त्या दंडाची पावती मिळते, त्याविरुद्ध दाद मागता येते. पोलिसांनाही चाकातली हवा सोडून माणसाला रस्त्यावर ठेवण्याचा अधिकार कुठल्या कायद्याने दिलेला नाही. दुसऱ्याच्या वस्तूची उपयुक्तता मुद्दाम घटवणं हे भारतीय न्याय संहितेच्या ३२४ व्या कलमातल्या गुन्ह्याच्या व्याख्येत बसतं. शिस्त लावायची तर नियम लिहून लावा, दंड ठरवा, पावती द्या, आधी समज द्या. एकोणीस वर्षांच्या मुलीला संध्याकाळी भर पावसात वीस किलोमीटर लांबच्या घरापासून तोडणं ही शिक्षा कुठल्या गुन्ह्याला शोभते, ते त्या प्राध्यापकांनी स्वतःच्या मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आणून सांगावं.

वॉचमनवर माझा राग नाही. बहुतेक जण ठेकेदाराकडून आलेले, बारा-बारा तास उभे राहणारे, आमच्याच गावाकडचे. त्या काकांनीच नंतर मुलीला सांगितलं की पंपवाला सातला दुकान बंद करतो, लवकर जा. वरचा हुकूम त्यांच्या हातून होतो आणि पोरांचा राग त्यांच्या अंगावर येतो. हुकूम देणारा त्या वेळी तिथे नसतो.

नॅकचं कारण मला सगळ्यांत जास्त खुपतं, कारण ते अर्धं खरं आहे. नॅकच्या सातव्या निकषात हरित परिसरासाठी जे उपक्रम मोजले जातात, त्यात वाहनांच्या प्रवेशावर निर्बंध हा एक आहे. पण त्याच यादीत पुढे सायकली आणि विजेवरच्या वाहनांचा वापर आहे, पादचाऱ्यांसाठी चांगल्या वाटा आहेत, झाडं आहेत. त्याच निकषात दिव्यांगांना अडथळ्याविना वावरता येईल असा परिसरही मागितला आहे. महाविद्यालयांनी यादीतली पहिली ओळ तेवढी उचलली, कारण तिला एक पाटी आणि एक साखळी पुरते. मुलांच्या गाड्या फाटकाबाहेर काढल्या की निर्बंध झाला. चार्जिंगचा एक पॉइंट नाही. सायकलला छप्पर नाही. फाटकापासून वर्गापर्यंतच्या चढावर फुटपाथ नाही. मुलं मोटारींच्या कडेने चालतात. बाजूला दोन चाकं जोडलेल्या स्कूटरवरून येणाऱ्या एका मुलाला मी त्याच चिखलाच्या मैदानात गाडी लावून कुबड्या काढताना पाहिलं. रॅम्प इमारतीला होता. त्या रॅम्पपर्यंत पोचायची वाट नव्हती.

आयआयटी मुंबईत विद्यार्थ्यांना मोटारसायकली ठेवू देत नाहीत, असंही मला सांगण्यात आलं. बरोबर आहे. पण तिथली मुलं आवारातल्याच वसतिगृहांत राहतात, आणि आत फिरायला संस्थेची ‘टमटम’ नावाची बस आहे. आधी सोय, मग बंदी. आमच्याकडे वसतिगृह मोजक्याच मुलांना मिळतं, बस नाही, फक्त बंदी आहे.

पार्किंगला पैसे घेण्याची बाजू मांडणारे एक शिकलेले गृहस्थ मला नंतर भेटले. जगभर फुकट पार्किंगचे दुष्परिणाम सिद्ध झालेत, असं ते म्हणाले. त्यांचा रोख अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकवून गेलेल्या डोनाल्ड शूप यांच्याकडे होता. फुकट पार्किंगची किंमत शेवटी सगळ्यांना मोजावी लागते, हे शूप यांनी २००५ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहून मांडलं. मला त्यांचा विचार पटतो. पण तो पुरता वाचावा. शूप म्हणत की पार्किंगचे पैसे जिथून घेतले तिथेच दिसले पाहिजेत, त्याच रस्त्यावर, त्याच फुटपाथवर. आणि याच शूप यांनी सहकाऱ्यांबरोबर आणखी एक अभ्यास केला होता: विद्यापीठाने बस कंपनीशी एकत्र करार करून विद्यार्थ्यांना नुसत्या ओळखपत्रावर बसने फिरू द्यायचं. त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठात ही योजना २००० साली सुरू झाली. म्हणजे ज्यांच्या नावावर आमच्याकडे शुल्काचं समर्थन होतं, ते मुलांच्या हातात बसचा पास ठेवायला सांगत होते. रत्नागिरीत शहर बससेवा एसटीच चालवते आणि गावोगावच्या गाड्याही एसटीच्याच. म्हणजे बोलायचं ते एकाच आगाराशी. महाविद्यालयाने आपलं वेळापत्रक घेऊन आगारप्रमुखांना भेटावं आणि साडेपाचनंतर पावस, पाली, मालगुंडच्या दिशेने एकेक गाडी मागावी. किती मुलं कुठून येतात याचा तक्ता महाविद्यालयाकडे प्रवेश अर्जातच पडून आहे. हे काम मी एकट्या पालकाने केलं तर अर्ज फाइलला लागतो. संस्थेच्या पत्राला उत्तर द्यावंच लागतं.

एका बाबतीत मात्र मी महाविद्यालयाच्या बाजूने उभा आहे, आणि पालकांनी रागावू नये. अकरावी-बारावीची सोळा-सतरा वर्षांची मुलं गिअरच्या गाड्यांवर, तिघं तिघं, हेल्मेटशिवाय येतात. त्या गाड्या आवारात येता कामा नयेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. स्टिकर देताना लायसन्स बघा, नसेल तर देऊ नका. फाटलेल्या सायलेन्सरच्या गाड्या आत घेऊ नका. रस्ता अडवणाऱ्यांवर कारवाई करा. एवढं नीट झालं तर गर्दी बरीच कमी होईल आणि ज्याला खरी गरज आहे त्याला जागा मिळेल. आज नेमकं उलट घडतं: लायसन्स कुणी बघत नाही, आणि लायसन्सधारी मुलीच्या चाकातली हवा जाते.

मला महाविद्यालयाकडून फार मोठं काही नको. मैदानाच्या त्या टोकाला चिऱ्याची फरसबंदी आणि पत्र्याचं छप्पर. चिरा इथे जागोजागी खाणीतून निघतो. रॅम्पजवळ दिव्यांगांसाठी दोन जागा. वर्षभर जमलेल्या पार्किंग शुल्काचा हिशेब सूचनाफलकावर. हवा सोडण्याचा प्रकार लेखी आदेशाने बंद. आणि पार्किंगचे नियम प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत, म्हणजे लांबून येणाऱ्या मुलाला प्रवेश घेण्याआधीच कळेल की तिथे पोचण्याची सोय आहे की नाही.

ज्या पालकांना अजून ‘सवलत’ हा शब्द पटतो, त्यांनी नगरपरिषदेत माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकावा. दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्या मुलांच्या महाविद्यालयाच्या मंजूर नकाशात दुचाकींसाठी किती जागा दाखवली आहे ते मागावं, आणि तो नकाशा हातात घेऊन आवारात एक फेरी मारावी.

जूनमध्ये प्रवेश सुरू होतील. पुन्हा गुलाबी पावत्या फाटतील. पावती हातात आली की उलटी करा, तो शिक्का वाचा आणि त्याच्याखाली पेनाने लिहा: ‘शुल्क घेतले आहे, जबाबदारीही घ्यावी.’ खाली सही करा, तारीख टाका आणि एक प्रत कार्यालयात आवक-जावकला द्या. मी दिली आहे.